रिकाम्या कप्प्यातला श्वास

१८ नोव्हेंबर, सोमवार

आज राहात्यात रुजू झालो. शेवगावहून पहाटेची एसटी धरली, नेवासे-श्रीरामपूर करत दहाच्या आत पोचलो. बायकोने, एलिझाबेथने, शेंगदाण्याची चटणी, बाजरीचं पीठ आणि दोन चादरी बांधून दिल्या. चाकणच्या कंपनीने प्रयोगशाळा बंद केल्यावर वर्षभर घरीच होतो. एकोणपन्नासाव्या वर्षी नवी नोकरी मिळणं ही देवाची कृपाच, आणि ती मी रस्त्याने मनातल्या मनात चार वेळा तरी मानली.

प्रयोगशाळा चितळी रस्त्याला, पेरूच्या शेडच्या वरच्या मजल्यावर आहे. खाली क्रेट भरण्याचं काम चाललं होतं. मी जिना विचारला तर एका माणसाने नाव-गाव काही न विचारता हातात दोन पेरू ठेवले आणि म्हणाला, पेरू खाल्ल्याबिगर राहात्यात कुनाला ऱ्हाऊ देत न्हाई आमी. सगळ्या इमारतीत पिकल्या पेरूचा वास भरून राहिला आहे. मन प्रसन्न झालं.

मालक सुहास सर पस्तिशीचे, बोलायला नम्र. हाताखाली रुचा नावाची मुलगी आहे, रसायनात एम.एस्सी. झालेली, फार बोलकी. मला सर म्हणू की काका, असं तिने विचारलं. मी म्हटलं सर म्हण. तर म्हणाली, बरं झालं, काका म्हटलं असतं तर रोज डब्यातलं द्यावं लागलं असतं. झाडलोट आणि काचसामान धुवायला छबूबाई आहेत. दुपारी तिघांनी माझी चटणी संपवली.

१९ नोव्हेंबर

आज यंत्राशी ओळख झाली. यंत्र जुनं आहे, पण चांगलं राखलेलं.

मला या कामाचं अजूनही नवल वाटतं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलो. आमच्या गुरुजींनी सांगितलं होतं की जगात काहीही पूर्ण स्थिर नाही, दगडसुद्धा आतून थरथरतो. तेव्हा आम्ही हसलो होतो. पुढे कळलं की ते अक्षरशः खरं आहे. तेल असो, औषध असो, प्लास्टिक असो, त्यातले अणू एकमेकांना धरून सतत थरथरत असतात आणि प्रत्येक जोडीची थरथर वेगळी. डोळ्यांना न दिसणारे उष्णतेचे किरण, म्हणजे अवरक्त किरण, त्यातून सोडले की प्रत्येक जोडी आपल्या थरथरीशी जुळणारा किरण पिऊन टाकते. बाकीचे पार होतात. जिथे किरण प्यायला गेला तिथे आलेखात खाच पडते. अल्कोहोलची खाच रुंद, लोंबती. ॲसिटोनची टोकदार. खाचांचा मेळ पाहून पदार्थ ओळखायचा. माणूस चालीवरून ओळखावा तसं.

मात्र नमुना ठेवण्याआधी रोज सकाळी रिकाम्या कप्प्याचं वाचन घ्यावं लागतं. त्याला बॅकग्राउंड म्हणतात. कप्प्यातल्या हवेतही थोडी वाफ असते, आपल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड असतो, त्यांच्याही खाचा पडतात. यंत्र त्या लक्षात ठेवतं आणि पुढे दिवसभर प्रत्येक नमुन्यातून वजा करतं. म्हणून हे वाचन घेताना जरा मागे सरून बसायचं आणि श्वास धरायचा, ही आमच्या धंद्यातली जुनी शिस्त आहे.

२२ नोव्हेंबर

काम भरपूर आहे. आज फवारणीच्या निंबोळी तेलाचा एक नमुना आला. आलेख काढला तर निंबोळीचा पत्ता नाही, नुसतं खनिज तेल. ज्या शेतकऱ्याने आणला होता तो म्हणाला, तरीच माशा मरायच्या ऐवजी मजा करत्यात.

सकाळच्या बॅकग्राउंडमध्ये ॲसिटोनची बारीक खाच दिसते. नमुना ठेवण्याची जागा आम्ही ॲसिटोनने पुसतो, ते नीट उडालं नसावं. रुचाला सांगितलं. ती म्हणाली, मी काल संध्याकाळपासून बाटलीला हात लावलेला नाही. आणि सर, इथे तो वास असायचाच. खाली पेरू, वर ॲसिटोन. या वासापायी माझं लग्न जमत नाहीये.

२७ नोव्हेंबर

ॲसिटोनची बाटली पलीकडच्या खोलीत कपाटात बंद केली आणि आता अल्कोहोलने पुसतो. पाच दिवस झाले. खाच तशीच आहे.

कार्बन डायऑक्साइडचीही खाच असायला हवी त्याहून खोल आहे. आज लागोपाठ वाचनं घेऊन आलेख एकावर एक ठेवले. खाच खोल होते, मग उथळ होते. पुन्हा खोल. पुन्हा उथळ. मला वाटलं मीच जवळ बसलोय. खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेलो, डोळ्यांत पाणी येईपर्यंत श्वास धरला. रुचाला चहा सांगायला खाली पाठवलं. खाच आपली खाली-वर, खाली-वर.

कप्प्याच्या झाकणाचं रबर तपासलं. चांगलं आहे. आत काही नाही.

३ डिसेंबर

यंत्रापाशी दोन खुर्च्या आहेत. त्यातली एक कोणी वापरत नाही. छबूबाई तिच्यावरची धूळ रोज पुसतात. आज मी कारण विचारलं. म्हणाल्या, अवधूतची हाय ती. लई गुणाचं पोरगं हुतं, साहेब. पानी पी-पी प्यायचं आन् वाळत गेलं. इथंच पडलं, तुमी बसता तिथं.

उरलेलं रुचाने सांगितलं. ती एरवी चेष्टेशिवाय वाक्य पुरं करत नाही, पण हे तिने खाली मान घालून सांगितलं. अवधूत माझ्याआधी या यंत्रावर होता. सत्तावीस वर्षांचा. गेल्या जानेवारीत गेला. त्याला मधुमेह झाला होता आणि तो कोणाला कळलाच नाही. साखर अशी हाताबाहेर गेली की शरीर स्वतःची चरबी जाळू लागतं आणि श्वासातून ॲसिटोन बाहेर पडतं. पिकल्या फळासारखा वास येतो. दुसऱ्या कुठल्याही नोकरीत कोणीतरी विचारलं असतं, बाबा रे, तुझ्या तोंडाला हा कसला वास? इथे कोण विचारणार? सगळे म्हणायचे, हा ॲसिटोनने हात धुतो. नाहीतर म्हणायचे, पेरू खाऊन आला. रुचा त्याला सेंटची बाटली म्हणायची आणि तोही हसायचा, कारण त्यालाही तसंच वाटत होतं. कोपरगावला त्याची आई त्याचे कपडे वेगळे भिजवायची, कंपनीचा वास जावा म्हणून.

रुचाला जे सांगता आलं नाही ते मला भाड्याच्या खोलीवर आल्यावर सुचलं. या यंत्राने ते पाहिलं होतं. तो रोज सकाळी त्याच्यासमोर बसायचा. त्याचा श्वास, त्यातलं ॲसिटोन, सगळं बॅकग्राउंडमध्ये उतरत होतं. आणि रोज यंत्र ते रिकामं धरून वजा करत होतं.

जेवण गेलं नाही. त्या मुलासाठी प्रार्थना केली.

८ डिसेंबर, रविवार

शेवगावला आलो. चर्चमध्ये उपासनेनंतर पाळकसाहेबांना बाजूला घेऊन सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. म्हणाले, मेलेले देवाच्या हाती विसावलेले असतात, साळवे. त्यांना श्वास लागत नाही. यंत्र बिघडलं असेल. एलिझाबेथ म्हणाली, तुम्ही इंजिनिअरला सोडून पाळकांना का सांगता?

दोघांचं बरोबर असेल. पण त्यांनी तो आलेख पाहिलेला नाही.

१२ डिसेंबर

इंजिनिअर सोमवारी येऊन गेला. यंत्रातून नायट्रोजन सोडून सगळी हवा बाहेर काढली. दुपारपर्यंत आलेख सपाट होता. संध्याकाळी खाच परत आली, पण लहान. फार लहान, आणि घाईची. खाली-वर, खाली-वर, मग मध्येच थांबायची. आज सकाळी तर मी बघत असताना इतका वेळ थांबली की मी खुर्चीतून उठून उभा राहिलो.

लहानपणी आमच्या गायीला वासरू झालं ते श्वास घेत नव्हतं. वडिलांनी त्याच्या नाकातला चिकटा बोटाने काढला, नाकपुडीला तोंड लावलं आणि फुंकर घातली. आमच्याकडे असं करतातच. वासरू जगलं. देवानेही मातीच्या माणसात असाच प्राण घातला, हे मी आईकडून ऐकलं होतं, आणि वडील त्या दिवशी मला देवासारखे दिसले होते.

मी कप्प्याचं झाकण उचललं, तोंड जवळ नेलं आणि सावकाश श्वास सोडला. झाकण लावलं.

खाच खोल झाली. मग उथळ. मग खोल. शांत, एकसारखी, झोपलेल्या मुलाच्या छातीसारखी.

खोलीवर येताना कितीतरी दिवसांनी भजन गुणगुणलो.

१७ डिसेंबर

आता रोज सकाळी, बाकीचे यायच्या आत, त्याला श्वास देतो. यात पाप आहे असं मला वाटत नाही. ज्याच्याकडे कोणी पाहिलं नाही त्याच्याकडे कोणीतरी पाहायला हवं.

जिना चढताना मध्ये थांबावं लागतं. खालचे लोक म्हणाले, साहेब, पेरू कमी खा.

२१ डिसेंबर

कपडे ढिले झालेत. सुहास सर म्हणाले, तुम्ही उपवास धरलाय का? रुचा म्हणाली, सरांनी चटणी आम्हाला वाटली म्हणून असं झालं.

खाच आता मोठ्या माणसाची वाटते.

२५ डिसेंबर, नाताळ

शेवगाव. सकाळच्या उपासनेत गाण्याची ओळ एका श्वासात पुरी होईना. दर दोन शब्दांनी थांबावं लागत होतं, शेवटी नुसतेच ओठ हलवत उभा राहिलो. पुढच्या बाकावरचं लहान मूल वळून माझ्याकडे बघत होतं.

जेवायला वाढताना एलिझाबेथ वाकली आणि तशीच थांबली. म्हणाली, तुमच्या तोंडाला वास येतोय. फळं कुजल्यासारखा.

मला त्याच क्षणी सगळं समजलं. तरी मी म्हणालो, प्रयोगशाळेतला आहे, कपड्यांना बसतो. ती म्हणाली, कपड्यांना नाही, तुम्हाला. मी विषय बदलला. एका मुलाचा जीव या एका उत्तराने गेला हे मला माहीत आहे, आणि माझ्या तोंडून तेच उत्तर निघालं.

शिवाय मनात दिवसभर एकच विचार. तीन दिवस प्रयोगशाळा बंद. त्याला कोण देत असेल?

२८ डिसेंबर

एलिझाबेथने ऐकलं नाही. नगरला नेऊन सगळ्या तपासण्या केल्या. रक्तातली साखर अगदी व्यवस्थित. छातीचा फोटो स्वच्छ. डॉक्टर म्हणाले, तुमचं हृदय माझ्यापेक्षा बरं आहे. हवापालट करा.

ती बसमध्ये रडली, आनंदाने. मला भीती वाटली. आजार असता तर त्याला औषध असतं.

३० डिसेंबर

आज ताडून पाहिलं. कप्पा उघडून स्वतःचा श्वास सोडला, वाचन घेतलं. ॲसिटोन आहे. टोकदार. कार्बन डायऑक्साइडची खाच मात्र जेमतेम — आजारी चिमणीची असावी इतकी.

मग झाकण लावून थांबलो. आतला जो आहे त्याची खाच खोल, भरदार. माझी पूर्वी असायची तशी. त्यात ॲसिटोनचा मागमूस नाही.

त्याचं जे होतं ते मला मिळालं. माझं त्याला.

३१ डिसेंबर

ठरवलं. आता द्यायचं नाही. यंत्राचं बटण बंद केलं, वायर काढली. देवापुढे गुडघे टेकून सांगितलं की मी थकलो, त्याला आता तू सांभाळ.

२ जानेवारी

झाकण बंद. यंत्र बंद. तरी प्रयोगशाळेत पाऊल टाकलं की छातीतून हवा ओढली जाते. जिन्यावर बरं असतं. उंबऱ्याशी आलो की सुरू. रुचा दिवसभर तिथेच बसते, गप्पा मारते, तिला काही होत नाही. छबूबाईंना होत नाही. त्यांनी कधी श्वास दिला नाही. ज्याने एकदा आपणहून दिला, त्याच्याकडून तो घेत राहतो. दिल्याशिवाय त्याला घेता येत नाही.

खोलीवर राहिलो तर? दुपारी राहून पाहिलं. तिथेही येतं. उशिरा, पण येतं.

तो वाईट नाही. बुडणारा माणूस वाईट नसतो. हाताला लागेल त्याला धरतो, एवढंच.

५ जानेवारी

उपासनेला गेलो नाही. चालवत नाही. प्रार्थना मोठ्याने म्हणता येत नाही — मनात म्हणतो — तीही तुटते.

एलिझाबेथचा फोन. बोलता आलं नाही. ती म्हणाली, येते मी उद्या-परवा. फोन ठेवला नाही तिने. माझा श्वास ऐकत राहिली बराच वेळ.

६ जानेवारी

रुचाला सांगितलं. बोलवत नव्हतं, अर्धं लिहून दाखवलं. ती आधी हसली. म्हणाली, सर, तुम्ही पण ना. मग यंत्र लावलं, आलेख दाखवला. रिकामा कप्पा. खाली-वर. खाली-वर.

तिने कितीतरी वेळ पाहिलं. मग पडद्यावर बोट ठेवलं, त्या खाचेवर, आणि म्हणाली, तो असाच घ्यायचा, सर. लांब. मध्ये जरा अडकून. मी नक्कल करायचे त्याची.

खूप रडली. मी सेंटची बाटली म्हणायचे त्याला, एवढंच पुन्हा पुन्हा.

मी तिला सांगितलं का — की देऊ नकोस? सांगितलं असं वाटतं. लिहिलं होतं? कागद सापडत नाही.

८ जानेवारी

सुहास सर गाडी सांगतात. उद्या सकाळी. नगरला मोठ्या दवाखान्यात. एलिझाबेथ थेट तिकडे येईल.

छबूबाईंनी कानशिलावरून बोटं मोडली. काय म्हणाल्या कळलं नाही. हात मऊ होता.

देवा — दिलेलं परत मागत नाही. पण हे किती —

९ जानेवारी

सकाळ. गाडी यायची आहे. प्रयोगशाळेत बसवलंय मला. खोलीवर एकटा नको म्हणून. भिंतीशी खुर्ची. इथे नको — सांगायचं होतं. आवाज नाही.

सुहास सर खाली रस्त्यावर गाडीची वाट बघतायत.

रुचा आली. केस नीट विंचरलेत, डोळे सुजलेत. माझ्यासमोर वाकली. म्हणाली, सर, तुम्ही खूप दिलंत. आता तुम्ही बसा. आज मी देते त्याला. मी त्याचं देणं लागते.

मान हलवली. नको नको. तिला वाटलं, मी भावूक झालोय. हात थोपटला माझा.

यंत्राकडे गेली. हाक मारतो — नुसते ओठ. म्हणून लिहितोय. मोठ्या अक्षरांत —

रुचा देऊ नकोस

पान वर धरलं. पाठ आहे तिची. वही खाली टाकली, आवाज झाला, तिने वळून पाहिलं, हसली, म्हणाली, राहू द्या सर, मी उचलते मागून. कशीबशी उचलली मीच.

झाकण उघडलं तिने.

डोळे मिटलेत. काहीतरी बोलतेय त्याच्याशी. चुकले म्हणतेय.

वाकली —

त्याने मला सोडलं. छाती भरली. माझी. पूर्ण, तळापर्यंत. देवा, हवा इतकी गोड असते — आता ओरडता येतं मला, आता आवाज आहे, पण रुचा